चाकाची परिभाषा आणि चाकाची बोली

१

मराठीतील शास्त्रीय परिभाषेचा विचार आजवर बहुधा शब्दांच्या यादीच्या रूपाने झालेला आहे. डाव्या रकान्यात इंग्रजी शब्द मांडावयाचा, उजव्या रकान्यात त्याचा मराठी प्रतिशब्द द्यावयाचा, आणि तो प्रतिशब्द सुबोध आहे की दुर्बोध, संस्कृत आहे की देशी, एवढ्यावरच वाद घालावयाचा, अशी ही पद्धती आहे. ह्या वादात एक प्रश्न सहसा विचारला जात नाही. तो असा की, ज्या व्यवहारासाठी परिभाषा हवी त्या व्यवहारात कोणकोणते भेद करावे लागतात, आणि पुढे आलेली शब्दसंपत्ती ते भेद करू शकते की नाही? शब्द एकेकटा तपासून ह्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. शब्दाचे मूल्य त्याच्या शेजारच्या शब्दांवरून ठरते, हे भाषाशास्त्रातील प्राथमिक तत्त्व परिभाषेलाही लागू आहे.

ह्या दृष्टीने परिभाषेची चिकित्सा करावयाची तर क्षेत्र लहान, स्वयंपूर्ण आणि मराठी भाषकांच्या प्रत्यक्ष वापरातील असले पाहिजे. स्पर्धेसाठी बांधल्या जाणाऱ्या यंत्रमानवाची चाकांवरील चालनरचना हे असे एक क्षेत्र होय. एशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियन ह्या संस्थेची ‘रोबोकॉन’ स्पर्धा २००२ साली टोकियोत सुरू झाली. भारतातील निवड-फेरी दूरदर्शनच्या पुढाकाराने होत आली आहे. आंतरराष्ट्रीय फेरी २००८ व २०१४ साली पुण्यात आणि २०२२ साली नवी दिल्लीत झाली. पुण्यातील २००८ च्या खेळाचा विषय गोविंदा व दहीहंडी हा होता; दिल्लीतील खेळ लगोरीवर बेतलेला होता. नाशिकच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थी ह्या व अशा इतर स्पर्धांसाठी यंत्रे बांधतात. सातपूर आणि अंबड येथील औद्योगिक वसाहतींमुळे लेथ, मिलिंग, वेल्डिंग ही कामे त्यांस गावातच करून मिळतात.

ह्या व्यवहाराची भाषिक स्थिती लक्षणीय आहे. नियमपुस्तिका इंग्रजीत असते. आराखड्याचा अहवाल इंग्रजीत लिहिला जातो. परंतु चाक का घसरते, यंत्र उजवीकडे का ओढते, साखळी का उतरते, ह्याची चर्चा बहुतांशी मराठीत होते. म्हणजे निर्णय एका भाषेत घेतले जातात आणि त्यांची नोंद दुसऱ्या भाषेत होते. नोंदीच्या भाषेसाठी परिभाषा तयार आहे. निर्णयाच्या भाषेकडे मात्र परिभाषाकारांचे लक्ष गेलेले दिसत नाही.

२

प्रथम वस्तुस्थिती पाहिली पाहिजे. सपाट मैदानावर यंत्राला तीन प्रकारची गती शक्य असते: पुढे-मागे जाणे, न वळता बाजूस सरकणे, आणि जागच्या जागी फिरणे. कोणतीही चालनरचना ह्या तीनपैकी किती गती स्वतंत्रपणे देऊ शकते, ह्यावरून तिचा प्रकार ठरतो.

सर्वांत साधी रचना म्हणजे दोन बाजूंना दोन स्वतंत्र मोटरींनी फिरणारी चाके आणि तोल सांभाळण्यापुरते एक मोकळे चाक. दोन्ही चाके समान वेगाने फिरली की यंत्र सरळ जाते. विरुद्ध दिशांनी फिरली की जागी फिरते. असमान वेगाने फिरली की वळते. ह्या रचनेला जाणे आणि फिरणे येते, सरकणे येत नाही. दुसरी रचना दोन्ही बाजूंना दोन-दोन किंवा तीन-तीन चाके एकत्र जोडण्याची. येथे सर्व भार शक्ती मिळणाऱ्या चाकांवर असल्यामुळे पकड अधिक मिळते. पण वळताना पुढची व मागची चाके जमिनीवर आडवी घासली जातात. चारही चाकांवर समान भार आहे असे धरले तर यंत्राला फिरवणारा प्रयत्न दोन बाजूंमधील रुंदीवर, आणि त्यास होणारा विरोध पुढच्या-मागच्या चाकांमधील लांबीवर अवलंबून राहतो. रुंदी अधिक व लांबी कमी असेल तर यंत्र सहज वळते; उलट असेल तर मोटर कण्हते आणि यंत्र थरथरते. सहा चाकांच्या रचनेत मधली जोडी काही मिलिमीटर खाली बसवतात, ती ह्याचसाठी: एका वेळी चारच चाके टेकावीत आणि टेकणाऱ्या चाकांमधील लांबी कमी व्हावी.

तिसऱ्या वर्गात चाकाच्या कडेलाच लहान रूळ बसवलेले असतात. रूळ चाकाच्या फिरण्याच्या दिशेशी काटकोनात मोकळे फिरत असतील तर अशी तीन चाके परस्परांशी १२० अंशांचा कोन करून बसवता येतात. तिन्ही गती स्वतंत्रपणे मिळतात. रूळ ४५ अंशांनी तिरपे असतील तर चार चाके नेहमीप्रमाणे समांतर बसवूनही तेच साधते. ही दुसरी कल्पना बेंग्ट इलॉन ह्या स्वीडिश अभियंत्याची, १९७० च्या दशकातील. तिचे मर्म असे की, रूळ स्वतःभोवती मोकळा असल्यामुळे जमीन चाकाला केवळ रुळाच्या लांबीच्या दिशेनेच रेटू शकते. चारही चाके पुढे फिरली की चार तिरप्या रेट्यांचे आडवे अंश परस्परांना खोडतात आणि यंत्र सरळ जाते. समोरासमोरील कर्णावरची एक जोडी पुढे व दुसरी मागे फिरवली की उभे अंश खोडले जातात आणि यंत्र बाजूस सरकते. मात्र त्यासाठी चारही चाके जमिनीवर सारख्या भाराने टेकलेली असली पाहिजेत. ताठ सांगाड्याची चार टोके उंचसखल जमिनीवर एकदम टेकत नाहीत, हे तिवई आणि चौरंग ह्यांच्यातील फरक पाहिलेल्या कोणासही ठाऊक आहे. एक चाक हलके पडले की यंत्र वाट सोडते.

ह्या सर्वांच्या मुळाशी एक मर्यादा आहे. समजा, यंत्राचे वस्तुमान २५ किलोग्रॅम आहे. त्याचे वजन सुमारे २४५ न्यूटन होईल. चाक आणि जमीन ह्यांमधील घर्षणांक ०.६ धरला आणि सर्व भार शक्ती मिळणाऱ्या चाकांवर असला, तर जमीन यंत्राला जास्तीत जास्त १४७ न्यूटन एवढ्या बलाने पुढे रेटू शकते. सगळा भार त्या चाकांवर नसून त्यांतील ६० टक्केच असेल तर हीच मर्यादा ८८ न्यूटनांवर येते. चाकाचा व्यास १५ सेंटिमीटर असेल तर १४७ न्यूटनांसाठी सर्व चाकांच्या आसांवर मिळून सुमारे ११ न्यूटन-मीटर एवढा टॉर्क पुरतो. त्यापलीकडे मोटर कितीही मोठी घेतली तरी चाक जागच्या जागी फिरेल, यंत्र अधिक जोराने पुढे जाणार नाही. तेच चाक मिनिटाला ३०० फेरे घेत असेल तर यंत्राचा वेग सेकंदाला सुमारे २.४ मीटर होतो. गिअरचे प्रमाण बदलून फेरे निम्मे केले तर वेग निम्मा होतो आणि टॉर्क, गिअरांमधील घर्षण सोडल्यास, दुप्पट होतो.

रचनाकाराला जे बोलावे लागते ते एवढेच आहे. आता मराठी ते कसे बोलते, हे पाहावयाचे.

३

ह्या विषयासाठी मराठीजवळ तीन शब्दसंग्रह आहेत. पहिला गाड्याचा: चाक, आस, तुंबा, आरे, धाव, जू, धुरा, खीळ, वंगण. दुसरा कोशांचा: दंतचक्र, धारवा, चलित्र, परिबल. तिसरा कारखान्याचा: शाफ्ट, बेअरिंग, गिअर, मोटर, चेन, बुश, प्ले, चावी, खाच.

पहिल्या संग्रहाचे वय मोठे आहे. ‘चाक’ हा शब्द संस्कृत ‘चक्र’पासून प्राकृत ‘चक्क’ ह्या पायरीने आला, ‘जू’ हा ‘युग’पासून. ‘आस’ हा शब्द संस्कृत ‘अक्ष’पासून आलेला असून ‘क्ष’चा ‘स’ अथवा ‘श’ होण्याची ही मराठीची विशेष प्रवृत्ती ‘क्षेत्र–शेत’, ‘मक्षिका–माशी’, ‘कुक्षि–कूस’ ह्या जोड्यांतही दिसते. झ्यूल ब्लॉक ह्यांच्या १९२० साली प्रसिद्ध झालेल्या मराठीच्या घडणीवरील ग्रंथापासून अभ्यासकांस ती परिचित आहे. मुळात ‘अक्ष’ म्हणजे गाड्याचा आसच होता. पुढे तोच संस्कृत शब्द तत्सम रूपाने परत घेऊन मराठीने त्यास भूमितीतील कल्पित रेषेचा अर्थ दिला. ह्यातून ‘आस’ ही वस्तू आणि ‘अक्ष’ ही रेषा असा उपयुक्त भेद मराठीस आयताच मिळाला. परिभाषेची अशी निर्मिती कोणत्याही समितीने ठरवून केलेली नाही. तरी ती निर्दोष आहे.

दुसऱ्या संग्रहामागे फार मोठे परिश्रम आहेत, हे मान्य केले पाहिजे. १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाचे परिभाषाकोश आणि १९७६ पासून खंडरूपाने प्रसिद्ध होऊ लागलेला मराठी विश्वकोश ह्यांनी यंत्रविद्येवर मराठीत लिहिता येते हे सिद्ध केले. परंतु ह्या संग्रहातील शब्दांचे भवितव्य सारखे झाले नाही. ‘वंगण’ हा गाड्याचा शब्द कोशाने उचलला आणि तो बैलगाडीपासून मोटारगाडीपर्यंत सर्वत्र टिकला. ‘दंतचक्र’ पुस्तकात राहिला. ‘धारवा’ आणि ‘चलित्र’ हे शब्द पुस्तकाबाहेर पडलेच नाहीत. नाशिकच्या कोणत्याही कारखान्यात धारवा मागणाऱ्यास बेअरिंग मिळेल, असे म्हणवत नाही.

ह्याचे कारण ‘धारवा’ हा शब्द वाईट आहे, हे नव्हे. तो धारण करणाऱ्या वस्तूचा बोध करून देणारा, उच्चारास सोपा आणि मराठी घडणीचा शब्द आहे. नाशिकजवळच्या भगूर येथे जन्मलेल्या विनायक दामोदर सावरकरांनी भाषाशुद्धीच्या चळवळीत सुचवलेले ‘महापौर’, ‘दिग्दर्शक’ यांसारखे शब्द रूढ झाले. ते ‘धारवा’हून अधिक सोपे होते म्हणून नव्हे, तर नगरपालिका, वृत्तपत्रे, चित्रपटगृहे अशा संस्थांनी ते रोज वापरले म्हणून. सतराव्या शतकातील राजव्यवहारकोशामागेही राज्याचे दफ्तर उभे होते. यंत्रविद्येच्या शब्दांमागे असे दफ्तर कधी उभे राहिले नाही. अभियांत्रिकीचे शिक्षण इंग्रजीत, खरेदीची पावती इंग्रजीत, नकाशा इंग्रजीत. अशा स्थितीत शब्द कोशात जन्मून कोशातच विराम पावला, तर दोष शब्दाचा नव्हे.

तिसरा संग्रह जिवंत आहे, आणि त्यास केवळ ‘इंग्रजी’ म्हणणे शास्त्रदृष्ट्या चुकीचे होईल. ‘मोटर’ व ‘चेन’ मराठीत स्त्रीलिंगी झाल्या, ‘गिअर’ व ‘टायर’ पुल्लिंगी झाले. त्यांस सर्व विभक्तिप्रत्यय लागतात. शाफ्टवर चाक पक्के करणाऱ्या तुकड्यास कारखान्यात ‘चावी’ म्हणतात व ती जीत बसते तीस ‘खाच’. म्हणजे येथे शब्द उसना न घेता अर्थ उसना घेतला आहे. ह्या संग्रहाने एक महत्त्वाचा भेदही सांभाळला आहे. भार सोसणारा पण शक्ती न वाहणारा तो आस, आणि शक्ती वाहणारा तो शाफ्ट. बैलगाडीचे चाक आसाभोवती फिरते. यंत्रमानवाचे शक्ती मिळणारे चाक शाफ्टासह फिरते. दोन्ही शब्द मराठीत हवेत. एकाने दुसऱ्यास हुसकावण्याचे कारण नाही.

४

इतके झाल्यावर मूळ प्रश्नाकडे वळता येते. ही शब्दसंपत्ती रचनाकाराला लागणारे भेद करते काय?

प्रथम जेथे बोली उणी पडते ते स्थळ पाहू. यंत्र अपेक्षेप्रमाणे पुढे जात नसले की चर्चेत पहिले वाक्य येते ते ‘ताकद कमी पडते’ हे. ‘ताकद’ ह्या एका शब्दात तीन निरनिराळ्या राशी दडलेल्या आहेत: जमिनीवर मिळणारे बल, शाफ्टावरील टॉर्क, आणि दर सेकंदास होणारे कार्य म्हणजे शक्ती. वर काढलेल्या उदाहरणात १४७ न्यूटनांचे बल आणि सेकंदास २.४ मीटरांचा वेग हे दोन्ही एकाच वेळी हवे असतील तर सुमारे ३५० वॉट शक्ती लागेल. केवळ बल हवे असेल तर लहान मोटरीलाही मोठा गिअर जोडून ते मिळवता येईल. आणि चाक आधीच जागच्या जागी फिरत असेल तर ह्यांपैकी कशाचाही उपयोग नाही, तेथे पकड वाढवली पाहिजे. रोग तीन आणि नाव एक अशी ही अवस्था आहे. ‘ताकद कमी’ असे निदान झाले की उपाय एकच सुचतो, मोठी मोटर. मोठ्या मोटरीला मोठी बॅटरी लागते, वजन वाढते, स्पर्धेच्या वजनमर्यादेत इतर कशाला तरी कात्री लागते, आणि चाक पूर्वीसारखेच घसरत राहते. येथे परिभाषेची आवश्यकता निर्विवाद आहे. बल, टॉर्क, शक्ती, पकड हे चार शब्द वेगळे ठेवल्यावाचून विचारच पुढे जात नाही. जुन्या शास्त्रीय मराठीत बलालाच ‘प्रेरणा’ म्हणत. शालेय पुस्तकांत ‘बल’ स्थिरावले. ह्यांत कोणता शब्द घ्यावा हा प्रश्न गौण आहे. चारांसाठी चार शब्द असावेत हा मुख्य.

आता उलट बाजू. इंग्रजीत चाकाच्या सुटण्याला सामान्यतः ‘स्लिप’ म्हणतात. कारखान्यातील मराठीनेही ‘स्लिप होणे’, ‘स्लिप मारणे’ हे प्रयोग घेतले. कोशीय मराठीत त्यास ‘घसरण’ म्हटले जाते. परंतु वर वर्णिलेल्या रचनांत ह्या एका नावाखाली तीन घटना घडतात. चाक फिरते पण यंत्र जात नाही, ही एक. यंत्र जाते पण चाक फिरत नाही, ही दुसरी. थांबण्यासाठी मोटरी एकदम अडवल्या म्हणजे ती दिसते. चाक फिरतही आहे आणि त्याच वेळी आडवे ओढलेही जात आहे, ही तिसरी. ताठ सांगाड्याचे चार चाकी यंत्र वळताना ती अटळ असते. बोलचालीच्या मराठीला ह्या तिन्ही घटना ठाऊक आहेत आणि तिने त्यांस वेगळे शब्द दिले आहेत. चिखलात रुतलेल्या गाडीचे चाक ‘नुसते फिरते’; उतारावर चाके अडली असताही गाडी ‘घसरते’; आणि जे मनाविरुद्ध आडवे ओढले जाते ते ‘फरफटते’. पहिल्या घटनेवर उपाय भार वाढवणे अथवा टॉर्क कमी देणे. दुसरीवर उपाय हळूहळू थांबणे. तिसरीवर उपाय रुंदी-लांबीचे प्रमाण बदलणे किंवा रुळांची चाके घेणे. म्हणजे जेथे उपाय वेगळे तेथे मराठीचे शब्दही वेगळे आहेत. अशा स्थितीत तिन्हींसाठी ‘घसरण’ हा एकच प्रतिशब्द योजणे म्हणजे इंग्रजीतील संदिग्धता परिश्रमपूर्वक मराठीत आणणे होय.

हीच गोष्ट वळण्याची. मराठीत चाक ‘फिरते’ आणि गाडी ‘वळते’. ‘फिरणे’ ह्या क्रियापदास स्वतःचा अक्ष अभिप्रेत असतो, ‘वळणे’ ह्यास वाट. म्हणून जागच्या जागी गाडी ‘फिरली’ असे म्हणता येते, ‘वळली’ असे म्हटले की ती थोडीतरी पुढे गेली असे ऐकणारा समजतो. ‘सरकणे’ ह्यात तोंड न बदलता जागा बदलणे येते. जाणे, सरकणे, फिरणे ही तीन क्रियापदे म्हणजेच सपाट मैदानावरील तीन स्वतंत्र गती होत, आणि ‘वळणे’ हे जाणे व फिरणे ह्यांचे संयुक्त रूप होय. दोन चाकांची रचना जाते, फिरते, म्हणून वळते. पण सरकत नाही. रुळांच्या चाकांची रचना तिन्ही करते. चालनरचनांचे वर्गीकरण एवढ्या चार क्रियापदांत पूर्ण होते. कोणताही नवा शब्द घडवावा लागत नाही.

प्रयोजक क्रियापदांचा लाभ ह्याहून मोठा आहे. इंग्रजी पाठ्यपुस्तकांत ‘चालित’ म्हणजे ज्याला शक्ती दिली जाते ते. गिअरांच्या जोडीत दुसऱ्याकडून शक्ती घेणारा गिअर चालित, आणि यंत्रमानवाच्या चाकांत मोटरीला जोडलेले व जमिनीला रेटणारे चाकही चालितच. विद्यार्थ्यांचा येथे हटकून गोंधळ होतो, आणि ‘चालक’ व ‘चालित’ अशा संस्कृत जोडीने तो जसाच्या तसा मराठीत उतरतो. मराठी क्रियापद मात्र स्वभावतःच फिरणे–फिरवणे अशी जोडी देते. मोटर चाकाला फिरवते. ते ‘फिरवलेले चाक’. यंत्र पुढे गेल्यामुळे जे आपोआप फिरते ते ‘फिरते चाक’. कोणी कोणास फिरवले, हे क्रियापदाच्या रूपातच असते. हा भेद मराठी बोलणारा सातव्या वर्षीच करू लागतो. अभियांत्रिकीच्या वर्गात मात्र तो त्यास विसरावयास लावला जातो.

५

नाशिक आणि खानदेश ह्या प्रदेशात चाकांच्या रचनेचा आणि तिच्या भाषेचा एक जुना अनुभव उपलब्ध आहे, तो ह्या संदर्भात दुर्लक्षिता येत नाही. चैत्र शुद्ध एकादशीस काळाराम मंदिरातून रामरथ व गरुडरथ निघतात. दोरांनी ओढले जाणारे हे रथ नाशिकच्या जुन्या वस्तीतून फिरतात, आणि रामरथ गोदावरी ओलांडीत नाही अशी परंपरा आहे. कार्तिकी एकादशीस जळगावात श्रीरामाचा रथ निघतो. अशा रथांना मोटारीसारखे वळवण्याचे चक्र नसते. शेकडो माणसे दोर ओढतात आणि अरुंद रस्त्यांतून रथ नेमका न्यावयाचा असतो. जळगावच्या रथाला वळवण्याचे व थांबवण्याचे काम ‘मोगरी’ने होते. मोगरी म्हणजे चाकाला लावावयाचा लाकडी ठोकळा. ती एका बाजूच्या चाकाला लावली की ती बाजू अडते, दुसरी पुढे जाते आणि रथ वळतो. ती लावणाऱ्याचे काम जोखमीचे आणि मानाचे समजले जाते.

यंत्रशास्त्राच्या दृष्टीने हे तत्त्व दोन चाकांच्या यंत्रमानवाहून भिन्न नाही. दोन्हीकडे वळणे हे चाकाचे तोंड वळवून साधत नाही, दोन बाजूंच्या वेगांत अंतर पाडून साधते. फरक एवढाच की रथाची एक बाजू बाहेरून अडवली जाते, यंत्रमानवाची आतून मंद केली जाते. रथापाशी उभ्या असलेल्या माणसाला हे तत्त्व समजते, आणि ते सांगण्याची भाषाही त्याच्यापाशी असते: ‘डावी बाजू दाबा, उजवी जाऊ द्या’. परंतु हा माणूस आणि त्याचा अभियांत्रिकी शिकणारा मुलगा ह्यांच्या ज्ञानात सांधा जुळत नाही. कारण मुलाला तेच तत्त्व अपरिचित नावाने, अपरिचित भाषेत आणि जणू प्रथमच सांगितले जाते.

ह्यावरून ‘मोगरी’ हा शब्द यंत्रमानवाच्या परिभाषेत घ्यावा, असा निष्कर्ष काढणे भाबडेपणाचे होईल. ब्रेकला ब्रेकच म्हटले जाईल, आणि ते योग्यच आहे. रबरी टायरला ‘धाव’ म्हणण्याचा आग्रहही तसाच व्यर्थ होय. धाव लोखंडाची असते आणि ती चाकावर तापवून चढवली जाते, ती वस्तूच वेगळी आहे. गाड्याच्या शब्दांचे मोल त्यांच्या जुनेपणात नाही. ते शब्द ज्या विचारपद्धतीचे अवशेष आहेत ती विचारपद्धती शिक्षणाला उपयोगी आहे, एवढेच म्हणावयाचे आहे. वस्तूंची नावे बदलतात, क्रियापदे टिकतात. रथ फिरतो, वळतो, घसरतो, फरफटतो. यंत्रमानवही तेच करतो.

६

येथवरच्या विवेचनातून परिभाषेच्या चिकित्सेला तीन कसोट्या मिळतात. पहिली भेदाची: ज्या दोन घटनांवर उपाय वेगळे, त्यांस शब्द वेगळे आहेत काय? दुसरी घडणीची: त्या शब्दापासून क्रियापद, प्रयोजक रूप, विशेषण सहज घडते काय? तिसरी हाताची: जो हात ती वस्तू वापरतो त्याच्या तोंडी तो शब्द आहे काय? ‘बेअरिंग’ तिसऱ्या कसोटीस पूर्ण उतरतो. नाम असल्यामुळे दुसरीची त्यास फारशी गरज नाही. ‘स्लिप होणे’ तिसरीस उतरते, पण पहिलीस व दुसरीस उतरत नाही. ‘ताकद’ तिसरीस उतरते, पहिलीस मुळीच उतरत नाही. ‘धारवा’ दुसरीस उतरतो, तिसरीस नाही. ‘फिरणे–फिरवणे–वळणे–सरकणे’ ही क्रियापदे तिन्हींस उतरतात.

ह्यातून एक व्यावहारिक धोरण निघते. वस्तूंच्या नावांत कारखान्याचे शब्द जसेच्या तसे घ्यावेत; तेथे भांडण्यात शक्ती दवडू नये. राशींच्या नावांत कोशांची शिस्त पाळावी. तेथे बोलीवर विसंबू नये. क्रियांच्या नावांत मात्र प्रचलित मराठी क्रियापदांपासून आरंभ करावा आणि इंग्रजी नामाचे भाषांतर करण्याचा मोह टाळावा. परिभाषाकारांनी आजवर नेमके उलट केलेले आढळते: ज्या नामांची गरज नव्हती ती घडवली, आणि जी क्रियापदे हाताशी होती ती अडगळीत टाकली. त्याचे कारण यादीच्या पद्धतीतच आहे. यादीत इंग्रजीतील नामे प्रथम येतात. क्रिया नामरूपात गोठलेल्या असतात. आणि नामास नामच प्रतिशब्द द्यावयाचा असा संकेत असतो. म्हणून ‘घसरणे’चे ‘घसरण’ झाले आणि ‘फरफटणे’ बाहेर राहिले.

हा प्रश्न आता केवळ अभ्यासकांच्या कुतूहलाचा राहिलेला नाही. २०२१ साली अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने मराठीसह काही भारतीय भाषांतून अभियांत्रिकीचे पदवी-शिक्षण देण्यास संमती दिली आणि त्या भाषांत पाठ्यपुस्तके उपलब्ध करून देण्याचे काम हाती घेतले. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने १८९० साली सुरू झालेल्या कलाभवनाने देशी भाषांतून तांत्रिक शिक्षण देण्याचा जो उद्देश बाळगला होता, तो आता मोठ्या प्रमाणावर कसास लागत आहे. ज्या पाठ्यपुस्तकांत यादीतील नामे ओळीने बसवून वाक्य पूर्ण केलेले असेल, ती इंग्रजी पुस्तकाहून अधिक दुर्बोध होतील. विद्यार्थी ती बाजूस ठेवून इंग्रजीकडे वळेल, आणि मग ‘मराठीतून अभियांत्रिकी शिकता येत नाही’ असा निष्कर्ष सिद्ध झाल्याचे सांगितले जाईल. तो निष्कर्ष भाषेवर अन्याय करणारा असेल. अपयश मराठीचे नसेल. मराठी न ऐकता मराठी लिहिणाऱ्या पद्धतीचे असेल.

रोबोकॉनने २०१९ साली उलानबातर येथील खेळात दोन यंत्रांपैकी एकास चाके नाकारली आणि चार पायांनी चालावयास लावले. मराठीत यंत्रही ‘चालते’, माणूसही ‘चालतो’, दुकानही ‘चालते’. चाकांच्या यंत्राकडून पायांच्या यंत्राकडे जाताना मराठी विद्यार्थ्यास नवे क्रियापद लागले नसेल. भेद दाखवण्यासाठी ‘चाकांवर चालणे’ आणि ‘पायांवर चालणे’ एवढे पुरले असेल. ही लवचीकता भाषेपाशी आहे. तिचा उपयोग करावयाचा तर परिभाषा-समित्यांच्या बैठका काही काळ ग्रंथालयातून यंत्रशाळेत हलवाव्यात, आणि प्रतिशब्द ठरवण्यापूर्वी, मुले चाक घसरल्यावर परस्परांशी काय बोलतात, ते टिपून घ्यावे. कोशाचे काम तेथून सुरू झाले तर ‘ताकद’सारख्या शब्दांची शिस्त लावणे कोशास सोपे जाईल, आणि ‘फरफटणे’सारखे शब्द कोशात आपोआप येतील.